वरच्याचं धरण, टेलचा कापूस

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की तब्येतीची चौकशी नंतर होते. आधी विचारायचं, राजाराम बंधाऱ्याला किती फूट झालं? ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आकडे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतात. पाठोपाठ कृष्णेवरचं, कर्नाटकातलं अलमट्टी धरण. किती विसर्ग चाललाय? २०१९ च्या ऑगस्टात शिरोळ-करवीरची गावंच्या गावं पाण्यात गेली, तेव्हापासून अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायचं कर्नाटकानं नुसतं बोलून दाखवलं तरी इथं मोर्चाची तयारी होते. मी इरिगेशनमध्ये नोकरी केलेला माणूस. अलमट्टीच्या फुगवट्यानं आपल्याकडं पूर येतो की नाही, यावर शेवटचा शब्द मागायला लोक माझ्याकडं येतात. मी चहा पाजतो, शब्द देत नाही.

पण हे भांडण कितीही पेटलं तरी ते घेऊन जायला जागा आहे. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी बच्छावत लवाद झाला, ब्रिजेशकुमार लवाद झाला, वर सुप्रीम कोर्ट आहे. दिल्लीला आपण उठताबसता शिव्या घालतो, पण शिव्या घालायला का होईना, दिल्ली आहे. ही केवढी सोय असते ते मला किर्गिझस्तानात गेल्यावर उमगलं. तिथली दिल्ली म्हणजे मॉस्को, आणि १९९१ च्या डिसेंबरात ती दिल्लीच नाहीशी झाली. ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी बेलारूसच्या जंगलात बसून सोव्हिएत संघ संपल्याच्या कागदावर सह्या केल्या. मध्य आशियातल्या किर्गिझस्तान, उझ्बेकिस्तान, कझाकिस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान या पाचही प्रजासत्ताकांतल्या कुणाला तिथं बोलावणं नव्हतं. २५ तारखेला गोर्बाचेव्हनी राजीनामा दिला आणि एका देशाचे पंधरा झाले.

गंमत अशी, की या पाचांनी ते मागितलंही नव्हतं. त्याच वर्षी मार्चमध्ये संघ टिकवायचा की नाही यावर सार्वमत झालं. बाल्टिक देशांनी, जॉर्जियानं, आर्मेनियानं त्याकडं पाठ फिरवली होती. मध्य आशियात मात्र सगळीकडं ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी टिकवा म्हणून मत दिलं. आता सोव्हिएत काळातल्या मतमोजणीवर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न आहेच, पण घर मोडावं असं तिथल्या साध्या माणसाला वाटत नव्हतं, हे मला तिथं ज्या-त्या म्हाताऱ्यानं सांगितलं.

धरणाचं सांगतो, कारण माझा जीव त्यात. नारिन नदीवर तोक्तोगुल नावाचं धरण आहे. उंची २१५ मीटर, साठवण १९.५ अब्ज घनमीटर. आपल्या भाषेत सुमारे ६८८ टीएमसी. कोयना १०५ ची, म्हणजे साडेसहा कोयना एका जागी. १९७० च्या दशकात उभं राहिलेलं हे धरण किर्गिझ शेतासाठी बांधलेलं नव्हतं. नारिन खाली फरगणा खोऱ्यात उतरते, कारा दर्याला मिळते आणि तिथून पुढं सिर दर्या होऊन उझ्बेकिस्तान-कझाकिस्तानच्या कापसात शिरते. मॉस्कोचा हिशेब असा होता: वरच्यानं हिवाळाभर पाणी धरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात कापसाच्या पाळ्यांना सोडायचं. मग कडाक्याच्या थंडीत किर्गिझ माणसानं घर कशानं तापवायचं? त्यासाठी उझ्बेकांचा गॅस आणि कझाकांचा कोळसा वर पाठवायचा. पैशाची देवघेव नाही, कुणी कुणाचे उपकार मानायचे नाहीत. सगळ्या कालव्याला पाणी वाटणारा पाटकरी एकच, आणि त्याचं रजिस्टर मॉस्कोत.

पाटकरी गेला तेव्हा काय झालं ते इरिगेशनच्या कुठल्याही शिपायानं न बघता सांगितलं असतं. १९९२ च्या फेब्रुवारीत पाचही देशांच्या पाणीमंत्र्यांनी अल्माटीला जमून, जुने वाटे जसेच्या तसे चालू ठेवायचे असं लिहून घेतलं. लिहिलं ते पाण्याचं. गॅस आणि कोळसा आता बाजारभावानं, तोही वेळेवर पैसे आले तर. किर्गिझस्तानकडं ना गॅस ना पैसा, असलं तर पाणी. त्यांनी हिवाळ्यात दरवाजे उघडून वीज करायला सुरुवात केली. मग खालच्या टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला भर जानेवारीत पूर आणि जुलैत कोरडा पाट. गोठलेल्या नदीत एवढं पाणी मावेना म्हणून ते वर्षानुवर्षं अर्नासायच्या सखल भागात वळवलं गेलं. तिकडं ही नदी जिथं पोचायची तो अराल समुद्र आटत होता आणि इकडं वाळवंटात नको तिथं तळं वाढत होतं. १९९८ मध्ये पुन्हा करार झाला, उन्हाळ्यातल्या पाण्याच्या बदल्यात कोळसा-गॅस असं स्पष्ट लिहिलं. दरवर्षी त्यावर घासाघीस, कधी कोळसा उशिरा, कधी पाणी कमी. शेवटी कझाकिस्ताननं हिवाळ्याचं पाणी अडवायला खाली कोकसराय नावाचा स्वतःचा वेगळा तलाव बांधला. वरच्यानं सोडलेलं पाणी दुसऱ्यांदा अडवायला धरण! एवढा खर्च केवळ कुणी कुणाचं ऐकत नाही म्हणून.

यात किर्गिझांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. लेकरंबाळं गारठत असताना शेजाऱ्याच्या कापसाची काळजी कोण करतो?

तिथं मी गेलो ते धरण बघायला नव्हे. माझा भाचा किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला एमबीबीएस करतो. आपल्या जिल्ह्यातली किती पोरं तिथं आहेत हे पासपोर्टच्या रांगेत उभं राहिलं की कळतं. २०२४ च्या मे महिन्यात तिथं स्थानिक पोरांचा आणि परदेशी विद्यार्थ्यांचा कुठंतरी मारामारीचा प्रकार झाला, त्याचा व्हिडिओ फिरला, आणि १७ तारखेच्या रात्री जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर हल्ले केले. जास्त मार पाकिस्तानी पोरांना बसला, पण जमाव पासपोर्ट तपासून मारत नसतो. इकडं ताईच्या घरात फोन चार्जरवरून निघत नव्हता. दाजी वरवर शांत, पण देवघरातला दिवा रात्रभर त्यांनीच बघितला. भाचा ज्या बाईंच्या फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहतो त्यांनी त्या रात्री एक काम केलं: बाल्कनीत वाळत घातलेले पोरांचे शर्ट आत घेतले, खोलीतला दिवा बंद करायला सांगितला आणि स्वतः स्वयंपाकघरात दिवा लावून बसल्या. पुढं वातावरण निवळल्यावर ताई म्हणाली, त्या बाईच्या पाया पडून यायचं. म्हणून आम्ही तिघं गेलो.

पोरं त्यांना एजे म्हणतात, तिथं वडीलधाऱ्या बाईला अशीच हाक. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा टॉर्पेडोच्या कारखान्यात इंजिनिअर होता. मी भाच्याला दोनदा विचारलं, टॉर्पेडोच ना? समुद्र कुठल्या कुठं, आणि डोंगरात टॉर्पेडो? तर हो. सोव्हिएत नौदलाचे टॉर्पेडो इथं बनत आणि इसिक-कुल नावाच्या डोंगरातल्या सरोवरात त्यांची चाचणी होई. तशीच साखर. आपण साखरेच्या जिल्ह्यातले, म्हणून मी कान टवकारले. क्युबातली कच्ची साखर अर्धी पृथ्वी ओलांडून किर्गिझस्तानच्या कारखान्यांत शुद्ध व्हायला यायची. उसाचं एक टिपरू जिथं पिकत नाही तिथं! आपल्याकडं ट्रॅक्टर कारखान्यापर्यंत पोचायला तीस किलोमीटर जास्त पडले तरी वाहतुकीवरून आंदोलन होतं. अशी व्यवस्था एकाच मालकाच्या घरात चालते. मालक गेल्यावर क्युबाची साखर थांबली, टॉर्पेडोला गिऱ्हाईक फारसं उरलं नाही, आणि एजेंचा नवरा दोर्दोय बाजारात चिनी जाकिटं विकायला उभा राहिला. हा बाजार म्हणजे जहाजावरच्या लोखंडी कंटेनरांच्या रांगाच रांगा, खालच्या कंटेनरात दुकान, वरच्यात माल. तिथं तेव्हा प्राध्यापक, नर्सा, इंजिनिअर सगळे गल्ल्यावर होते, असं एजे म्हणाल्या. गावाकडं सामुदायिक शेतं मोडली, वाटणीत मेंढरं आली ती लोकांनी विकून किंवा कापून खाल्ली. देशातली १ कोटीच्या आसपासची मेंढरं काही वर्षांत ४० लाखांच्या खाली आली.

चहाला त्यांनी जर्दाळूचा मुरांबा काढला आणि सोबत एक बचत पुस्तक. तळहाताएवढं, कडा झिजलेल्या, आत निळ्या शाईतले आकडे. दोघांनी गाडीसाठी साठवलेले ६००० रूबल. त्या काळात पगार शे-दोनशे रूबल असायचा, त्यावरून अंदाज करा. १९९२ च्या जानेवारीत किमती मोकळ्या झाल्या आणि रूबल वितळायला लागला. १९९३ च्या मे महिन्यात किर्गिझस्ताननं सोम नावाचं स्वतःचं चलन काढलं, मध्य आशियात सगळ्यात आधी. दर ठरला २०० रूबलला १ सोम. गाडीचे झाले ३० सोम. एजेंनी हे रागानं सांगितलं नाही, वर्गात गणित सोडवून दाखवावं तसं सांगितलं. मग बोट शेवटच्या ओळीवर ठेवून भाच्याला म्हणाल्या, हे पैसे मागायला मी कुणाकडं जाऊ?

ताईला वाटलं त्या नुसतं हळहळतायत. मला तो प्रश्न शब्दशः ऐकू आला, कारण आमच्या घरी त्याच्या नेमका उलटा कागद आहे. आमचे आबा करवीर दरबारात महसूल खात्यात कारकून होते. त्यांचं सर्व्हिस बुक मी जपून ठेवलंय. अर्धं पुस्तक करवीर इलाख्याच्या शिक्क्यांचं, पुढं पान उलटलं की मुंबई राज्य. मधे एक ओळ, नोकरी अखंड धरण्यात येत आहे. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. तोफांची सलामी, दरबार, स्वतंत्र कायदे, स्वतःचं हायकोर्ट, सगळं एका तारखेला संपलं, पण आबांचा एप्रिलचा पगार झाला आणि पेन्शन मरेपर्यंत मिळाली. संस्थानाची येणी-देणी उचलायला कुणीतरी उभं होतं. आबा स्वतः त्याबद्दल कधी कौतुकानं बोलले नाहीत. मुंबईचे साहेब फाईल फार मागतात, एवढीच त्यांची तक्रार.

सोव्हिएत संघालाही वारस होता, हे सांगायला पाहिजे. रशियानं परदेशांतली सगळी मालमत्ता आपल्याकडं घेतली आणि परदेशी कर्जही. ते कर्ज फेडत फेडत शेवटचा हप्ता २०१७ मध्ये बोस्नियाला दिला. म्हणजे बाहेरच्या सावकारांना वारस सापडला. एजेंना नाही सापडला. साम्राज्य मोडलं की झेंडे, राष्ट्रगीत, नोटा हे सगळं झटकन होतं. जुन्या घराचं देणं कुणी उचललं आणि येणं कुणी खिशात घातलं, यावर पुढची पन्नास वर्षं ठरतात, असं माझं मत झालंय. कारण देणं कुणी उचललं नाही, तरी येणं मात्र कुणीतरी उचलतंच. कारखाने होते, खाणी होत्या, वीज होती.

आणि ते उचलणारे खुर्चीच्या सगळ्यात जवळ होते. उझ्बेकिस्तानात करीमोव्ह १९८९ पासून पक्षाचे पहिले सचिव, मग अध्यक्ष, ते २०१६ ला मरेपर्यंत. कझाकिस्तानात नझरबायेव्ह २०१९ पर्यंत. तुर्कमेनिस्तानात नियाझोव्हनी महिन्यांची नावं बदलून एकाला स्वतःचं, एकाला आईचं नाव दिलं आणि सूर्याकडं तोंड करून फिरणारा स्वतःचा सोनेरी पुतळा उभा केला. हे सगळे कालचे कम्युनिस्ट, रात्रीत राष्ट्रपिता झालेले. ताजिकिस्तानात पाच वर्षं यादवी चालली.

किर्गिझस्तानचे अकायेव्ह वेगळे निघाले असं सगळ्यांना वाटलं. पक्षाचे सचिव नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ. एजेंना तर आमच्या विषयाचा माणूस म्हणून विशेष अभिमान. वर्तमानपत्रं मोकळी झाली, पक्ष निघाले, १९९८ ला जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश. मग हळूहळू घरचे लोक धंद्यात आले, आणि २००५ च्या निवडणुकीत मुलगा आणि मुलगी दोघंही संसदेसाठी उभे राहिले. लोकांनी अध्यक्षांच्या कचेरीत घुसून त्यांना पळवून लावलं. त्यांच्या जागी आलेल्या बाकियेव्हनीही तेच केलं, जरा जास्त घाईनं. इथं पुन्हा माझं धरण येतं. २००८ च्या सुमाराला तोक्तोगुलचा साठा तळाला गेला, बिश्केकमध्ये तासन्‌तास वीज जायला लागली. २०१० च्या सुरुवातीला वीज आणि हीटिंगचे दर एकदम वाढवले. एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर, गोळीबारात ८० हून जास्त मेले, सरकार गेलं. दोन महिन्यांनी दक्षिणेत ओश शहरात किर्गिझ आणि उझ्बेक एकमेकांवर उठले, ४०० हून जास्त माणसं गेली. २०२० मध्ये तिसऱ्यांदा सत्तापालट, जमावानं तुरुंगातून सोडवलेले जपारोव्ह काही दिवसांत सत्तेवर, पुढच्याच वर्षी सगळी सूत्रं अध्यक्षाच्या हातात देणारी नवी राज्यघटना.

एवढं सगळं ऐकून दाजी म्हणाले, त्यापेक्षा तो पुतळावालाच बरा, निदान शांतता. मला ते पटलं नाही. तीन अध्यक्षांना घरी पाठवलेल्या देशात एजे परक्या माणसासमोर सरकारला नावं ठेवू शकतात. तुर्कमेनिस्तानच्या अश्गाबातमधल्या बाईनं आम्हाला चहा पाजला असता, बचत पुस्तक दाखवलं नसतं. पण हेही खरं, की दरवेळी माणूस बदलला आणि गल्ला तोच राहिला.

कोल्हापूर या बाबतीत सुदैवी, असं म्हणताना जीभ जरा अडखळते. १९४८ मध्ये गांधीजींच्या खुनानंतर याच शहरात ब्राह्मणांची घरं-दुकानं जळली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळला. राजसत्ता ढिली झाली आणि नवी अजून बसली नाही, अशा फटीतच ते झालं. ओशमध्येही तीच फट होती. फरक कुठं पडला? आमच्याकडं प्रजापरिषद १९३९ पासून काम करत होती. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार ही माणसं संस्थान असतानाच शेतसाऱ्यावर, जबाबदार राज्यपद्धतीवर गावोगाव सभा घेत होती, तुरुंगात जात होती. सभेत विरोधकाला बोलू देणं, ठराव हरणं, पुन्हा मांडणं, याची सवय दहा वर्षं आधी लागली. रत्नाप्पा पुढं घटना समितीत गेले आणि परत येऊन त्यांनी साखर कारखाना काढला. त्या कारखानदारीत पुढं कोण काय शिकलं, तो विषय वेगळा आणि लांबलचक. पण करवीरच्या गादीचे वारस शाहू छत्रपती आज दिल्लीत बसलेत तो २०२४ ला लोकांकडं मतं मागून. करीमोव्हसाहेबांच्या निवडणुका मी त्या यादीत धरत नाही.

सीमेचंही असंच. आमचा रायबाग महाल करवीर संस्थानाचा, पण मूळ मुलखापासून तुटलेला. सांगली, मिरज, कुरुंदवाड यांचे तुकडे तर पत्त्याचा डाव उधळल्यासारखे पसरलेले. फरगणा खोऱ्यात आजही तसंच आहे. सोख हा उझ्बेकिस्तानचा तुकडा चारी बाजूंनी किर्गिझस्तानात, आणि आत राहतात ते बहुतेक ताजिक. वोरुख हा ताजिकिस्तानचा. एकाच संघात होते तोवर या रेषा नकाशापुरत्या होत्या, मेंढपाळ मेंढरं घेऊन जायचा आणि लग्नं व्हायची. २०२१ च्या एप्रिलमध्ये वोरुखजवळ पाणी वाटपाच्या ठिकाणी एका खांबावर कॅमेरा बसवण्यावरून भांडण लागलं. आधी दगड, मग बंदुका, मग दोन देशांचं सैन्य. ५० च्या वर माणसं मेली. पुढच्या वर्षी त्याहून मोठी लढाई. सीमा कुठून जाते यावर सह्या व्हायला २०२५ चा मार्च उजाडला. आमच्या बेळगावचा खटला सुप्रीम कोर्टात २००४ पासून आहे. वातावरण तापलं की एसटी सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरून मागं फिरते, कुणी नंबर प्लेटला काळं फासतो, दोन्हीकडचे पुढारी वाहिन्यांवर ओरडतात. एवढ्या वर्षांत निकाल नाही, याची चीड मलाही आहे. वोरुखची हकीकत वाचल्यापासून ती चीड आवाज न चढवता व्यक्त करतो, इतकंच.

सध्या किर्गिझस्तानात ऊर्जा आणीबाणी लागू आहे, २०२३ च्या ऑगस्टपासून २०२६ च्या डिसेंबरअखेरपर्यंत. तोक्तोगुल पुरत नाही. त्याच्या वरच्या अंगाला कंबर-अता नावाचं आणखी उंच धरण सोव्हिएत काळापासून कागदावर पडून होतं. २०२३ च्या जानेवारीत किर्गिझस्तान, उझ्बेकिस्तान आणि कझाकिस्तान तिघांनी मिळून ते बांधायच्या आराखड्यावर सह्या केल्या. खालच्या दोघांनी पैसा घालायचा आणि वीज घ्यायची, असा बेत. उझ्बेकिस्तानचा याच नदीवरच्या धरणांना इतकी वर्षं विरोध होता. करीमोव्ह तर पाण्यावरून युद्ध होईल म्हणायचे. मला हा आराखडा आवडला. ज्याला पूर येतो आणि ज्याला पाळी मिळत नाही, त्या दोघांना धरणात भागीदार करून घ्यायचं, ही गोष्ट आमच्या खात्यात कुणी कागदावर मांडली असती तर त्याची बदली झाली असती. पण १९९८ चा करारही वाचायला चांगलाच होता. जानेवारीत, बिश्केक गारठलेलं असताना दरवाजा किती इंच उघडायचा हे तिघांपैकी कोण ठरवणार, याचं कलम नव्या आराखड्यात कसं लिहिलंय ते मला बघायचंय. भाच्याला सांगून ठेवलंय, रशियनमध्ये का असेना, मिळालं तर पाठव.